कमी कर्बोदकांचा चीजकेक: पुन्हा पुन्हा पडणारी भेग, रवाळपणा आणि सुटणारे पाणी

ओव्हनमधून बाहेर काढताना चीजकेकचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो, तासाभराने मधोमध एक बारीक रेघ दिसू लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडावा तर त्या रेघेची बोट जाईल एवढी भेग झालेली असते. कापताना सुरीला पाणी लागते, आणि तिसऱ्या दिवशी उरलेला तुकडा खाताना दातांखाली वाळू आल्यासारखे वाटते. साखर आणि मैदा वगळून चीजकेक करणाऱ्यांना या तिन्ही तक्रारी ओळखीच्या असतील. माझ्याकडे त्या सलग पाच वेळा आल्या, आणि पाचही वेळा मी एकच उपाय केला: ओव्हनचे तापमान थोडे कमी आणि भाजण्याचा वेळ थोडा जास्त. त्या उपायाचा पहिला भाग बरोबर होता, दुसऱ्या भागाने मात्र केलेले सगळे पाण्यात घातले.

मुळात चूक अशी होती की साखरेच्या चीजकेकची कृती घेऊन मी तिच्यातली साखर काढली, तिच्या जागी दुसरा गोडवा घातला, आणि बाकीचे सगळे, विशेषतः वेळ, होते तसेच ठेवले. चीजकेक हा नावाने केक असला तरी प्रत्यक्षात तो अंड्यांवर घट्ट होणारा कस्टर्ड आहे, आणि त्यात साखर केवळ गोडीसाठी नसते. विरघळलेली साखर अंड्यातील प्रथिनांना एकमेकांना धरण्यापासून काही काळ रोखते, म्हणजे मिश्रण थोड्या अधिक तापमानाला घट्ट होते. ती पाणी धरून ठेवते. आणि मिश्रणाच्या वजनाचा मोठा भागही तीच असते. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर चमचा-दोन चमचेच पडत असले तरी त्यातील फुगलेले स्टार्चचे कण प्रथिनांच्या जाळ्यात अडसर बनतात आणि ते जाळे घट्ट आवळले जाऊ देत नाहीत. हे दोन्ही राखणदार काढून टाकल्यावर चीजकेक बिघडतोच असे नाही, पण नेमका भाजलेला आणि जास्त भाजलेला यांच्यातली जागा फार अरुंद होते. साखरेच्या कृतीत दहा मिनिटांची चूक खपून जाते, इथे पाच मिनिटांचीही खपत नाही.

वजनाचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते. समजा, मूळ कृतीत सगळे मिळून 1150 ग्रॅम मिश्रण आहे आणि त्यात 200 ग्रॅम साखर आहे. तुम्ही साखर काढून स्टीव्हियाचे काही थेंब घातले तर मिश्रण 950 ग्रॅमच उरते. साचा तोच असल्याने थर पातळ होतो, उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते, आणि अंडी तितकीच राहिल्याने त्यांचे प्रमाण वाढते. असा चीजकेक लवकर घट्ट होतो, जास्त घट्ट होतो, आणि त्याला अंड्याचा वासही येतो. तो मूळ कृतीतल्या वेळेइतका भाजला तर भेग पडली नाही तरच नवल.

भेग कधी पडली ते आधी पाहा

उपाय शोधण्यापूर्वी भेगेची वेळ नोंदवावी, कारण वेगवेगळ्या वेळी पडलेल्या भेगांची कारणे वेगवेगळी असतात. चीजकेक ओव्हनमध्ये असतानाच फुगून कडेच्या वर आला आणि तिथेच फाटला, तर मिश्रणात हवा जास्त गेली आहे किंवा ओव्हन फार गरम आहे. अंडी घातल्यावर मिश्रण जोरात फेटले की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, ते उष्णतेने फुगतात, वरचा थर ताणला जाऊन फाटतो, आणि थंड होताना मधला भाग खड्ड्यासारखा खाली बसतो. म्हणून क्रीम चीज आणि गोडवा हवे तितके घोटावेत, पण अंडी शेवटी, एकेक करून, मिक्सरच्या सर्वांत मंद गतीवर किंवा हाताने मिसळावीत, आणि बलकाची पिवळी रेघ नाहीशी झाली की थांबावे. मिश्रण साच्यात ओतल्यावर साचा ओट्यावर चार-पाच वेळा आपटावा आणि दहा मिनिटे तसाच ठेवावा. वर आलेले बुडबुडे काडीने फोडता येतात.

बाहेर काढल्यावर तासा-दोन तासांत भेग पडली, तर चीजकेक जास्त भाजला गेला आहे, किंवा तो अचानक थंड जागी आला आहे, किंवा त्याची कड साच्याला चिकटली आहे. बहुतेक वेळा यातली दोन कारणे एकत्र असतात. थंड होताना चीजकेक आकसतो. कड सुटलेली असेल तर सगळा गोल आतल्या बाजूला सरकतो, आणि कड चिकटलेली असेल तर ताण मधोमध येतो आणि तिथेच तो फाटतो. साच्याच्या आतल्या कडेला लोणी लावून बटर पेपरची पट्टी बसवली तर हा धोका बराच कमी होतो. पट्टी नसेल तर ओव्हनमधून काढल्यावर पाच-दहा मिनिटांत पातळ सुरी कडेने फिरवून घ्यावी, आणि फिरवताना तिचे पाते साच्याला टेकलेले ठेवावे.

रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्यावर सकाळी दिसणारी भेग ही बहुधा आदल्या दिवशीच्या बारीक रेघेची वाढ असते. तिच्यासाठी फ्रिजला दोष देण्यात अर्थ नाही, फक्त कोमट चीजकेक आत ठेवला नव्हता ना, एवढे तपासावे.

घड्याळावर नव्हे, थर्मामीटरवर

जास्त भाजणे हेच मुख्य कारण असेल तर नेमके किती भाजावे, या प्रश्नाचे उत्तर मिनिटांत देता येत नाही. साच्याचा धातू, मिश्रणाची खोली, ओव्हनचा स्वभाव आणि क्रीम चीज किती गार होते यांवर वेळ वीस मिनिटांनीसुद्धा बदलू शकतो. तापमान मात्र बदलत नाही. टोचायच्या थर्मामीटरने मध्यभागी 65 ते 66 अंश सेल्सिअस दिसले की ओव्हन बंद करावा. बंद केल्यावरही कडेची उष्णता आत जात राहते आणि मध्य आणखी 3 ते 5 अंशांनी तापतो. मध्याने 74 अंश ओलांडले की प्रथिने आवळली जातात, पाणी बाहेर फेकले जाते आणि भेग जवळजवळ ठरलेलीच असते. घरात गर्भवती स्त्री, लहान मूल किंवा वृद्ध खाणार असेल, तर अंड्यांच्या सुरक्षिततेसाठी मध्य एकदा 71 अंशांपर्यंत गेला आहे याची खात्री करावी. त्याने भेगेची जोखीम थोडी वाढते, पण इथे सुरक्षितता आधी.

थर्मामीटरने पडलेले भोकही कधी कधी भेगेची सुरुवात ठरते, म्हणून दर पाच मिनिटांनी टोचत बसू नये. साचा हलक्या हाताने हलवावा. कडेचा साधारण दोन इंचांचा पट्टा स्थिर आणि मधला भाग जेलीसारखा थरथरणारा दिसला की मगच एकदा टोचावे. मधला भाग पाण्यासारखा लाटा मारत असेल तर अजून वेळ आहे. पूर्ण स्थिर झाला असेल तर उशीर झालेला आहे. पहिल्यांदा करणाऱ्याला थरथरणारा चीजकेक कच्चाच वाटतो आणि हात ओव्हनच्या बटणाकडे जातो. तो आवरणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कठीण भाग आहे, असे माझे मत आहे. चीजकेकची अर्धी घट्टाई ओव्हनमध्ये येते आणि उरलेली फ्रिजमध्ये, चरबी गोठल्यावर. त्यामुळे किमान आठ तास थंड झाल्याशिवाय त्याच्याविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.

याच कारणासाठी ओव्हनमध्ये ठेवायचा वेगळा थर्मामीटरही घ्यावा. घरगुती ओव्हनच्या चकतीवरचा आकडा आणि आतले खरे तापमान यांत 10 ते 20 अंशांचा फरक असणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि साखर नसलेल्या मिश्रणाला एवढा फरक पुरेसा होतो. पंख्याचा ओव्हन असेल तर पंखा बंद करावा, तो बंद होत नसेल तर तापमान 20 अंशांनी कमी ठेवावे.

वॉटर बाथचा, म्हणजे साचा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजण्याचा, उपयोग खरा आहे. ओव्हन 150 अंशांवर असला तरी साच्याभोवतीचे पाणी 100 अंशांच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे कड आणि मध्य यांच्यातली तफावत कमी होते. त्रास एवढाच की कडा सुटणाऱ्या साच्यातून पाणी आत झिरपते, आणि फॉइलचे तीन थर गुंडाळले तरी कुठेतरी ते फाटतेच. त्यापेक्षा चीजकेकचा साचा त्याहून थोड्या मोठ्या, सांधा नसलेल्या केकच्या भांड्यात ठेवावा आणि ते भांडे गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवावे. मधली हवेची फट फारशी आड येत नाही आणि तळ कोरडा राहतो. एवढा खटाटोप नको असेल तर वॉटर बाथ पूर्ण सोडून ओव्हन 110 अंशांवर ठेवावा आणि दीड ते पावणेदोन तास धीर धरावा. मी आता बहुतेक वेळा हेच करते.

भाजून झाल्यावर ओव्हन बंद करून, दारात लाकडी चमचा अडकवून, तासभर चीजकेक आतच ठेवण्याचा सल्ला सगळे देतात. तो योग्य आहे, पण ज्यांचा ओव्हन जाड भिंतींचा आहे आणि उष्णता दीर्घकाळ धरतो त्यांच्या बाबतीत तो चीजकेक त्या तासात आणखी भाजलाच जातो. अशांनी मध्य 63 अंशांवर असतानाच ओव्हन बंद करावा.

रवाळपणाचे चार प्रकार

चीजकेक रवाळ झाला, एवढ्या वर्णनावरून कारण सांगता येत नाही, कारण चार वेगळ्या गोष्टींना आपण तोच शब्द वापरतो. एक छोटा घास जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबून पाहावा. कण दातांखाली कचकन फुटले आणि विरघळताना तोंडात पुदिन्यासारखा गारवा जाणवला, तर ते एरिथ्रिटॉलचे, म्हणजे साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या एका दाणेदार गोडव्याचे, स्फटिक आहेत. कण मऊ आहेत, चुरडतात पण विरघळत नाहीत, आणि सोबत पाणीही सुटले आहे, तर जास्त भाजल्याने प्रथिनांच्या गुठळ्या झाल्या आहेत. पांढरे, गुळगुळीत, चीजचीच चव असलेले ठिपके दिसत असतील तर क्रीम चीज थंड असताना घोटले गेले. आणि बुळबुळीत, पारदर्शक गोळे लागत असतील तर झँथन गम (मिश्रण दाट करणारी पूड) नीट मिसळलेला नाही.

शेवटच्या दोहोंचा उपाय सोपा आहे. क्रीम चीज, अंडी आणि सावर क्रीम कामाच्या दीड-दोन तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवावीत आणि अंडी घालण्यापूर्वीच चीज पूर्ण गुळगुळीत करून घ्यावे, कारण अंड्यांनी मिश्रण पातळ झाल्यावर गाठी पळ काढतात आणि कितीही घोटले तरी मोडत नाहीत. झँथन गम आधी कोरड्या गोडव्याच्या पुडीत मिसळून मगच घालावा.

एरिथ्रिटॉलचे प्रकरण मात्र खोल आहे. साध्या खोलीच्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात साधारण 200 ग्रॅम साखर विरघळते, एरिथ्रिटॉल मात्र केवळ 60 ग्रॅमच्या आसपास. फ्रिजच्या थंडीत त्याची विरघळण्याची क्षमता आणखी घटते. शिवाय त्याची गोडी साखरेच्या 60 ते 70 टक्केच असल्याने आपण ते साखरेपेक्षा जास्त घालतो, म्हणजे ज्याला पाण्यात जागा कमी त्याचीच गर्दी जास्त. गरम मिश्रणात ते मुकाट विरघळून राहते आणि थंड होताना हळूहळू पुन्हा स्फटिक बनू लागते. म्हणून दिवस महत्त्वाचा ठरतो: पहिल्याच दिवशी कचकच लागली तर दाणेदार एरिथ्रिटॉल मुळात विरघळलेच नव्हते, आणि ते पिठीसाखरेइतके बारीक दळून घेतल्यास काम भागते, पहिल्या दिवशी चीजकेक रेशमासारखा होता आणि तिसऱ्या दिवशी कचकचला, तर ते पुन्हा स्फटिक होणे आहे, आणि कितीही बारीक दळले तरी ते थांबत नाही.

त्यावरचा खरा इलाज म्हणजे एकाच गोडव्यावर विसंबून न राहणे. अॅल्युलोज हा साखरेसारखा दिसणारा गोडवा मिळत असेल तर आतल्या मिश्रणासाठी त्याच्याइतके चांगले काही नाही. त्याची गोडी साखरेच्या सुमारे 70 टक्के असते, ते सहज विरघळते, थंडीत स्फटिक बनत नाही आणि साखरेप्रमाणे पाणी धरून ठेवते. त्याचे दोन स्वभाव सांभाळावे लागतात: त्याने चीजकेक किंचित मऊ होतो, आणि ते साखरेपेक्षा लवकर तांबूस होते, म्हणून वरचा भाग रंगू लागला तर फॉइल सैलसर टाकावी. अॅल्युलोज नसेल तर एरिथ्रिटॉल निम्मे करावे आणि उरलेली गोडी स्टीव्हिया किंवा माँक फ्रूटच्या अर्काने भरून काढावी. अर्काचा कडवटपणा चिमूटभर मीठ, व्हॅनिला आणि लिंबाचा रस यांनी झाकला जातो. झायलिटॉलची गोडी साखरेइतकीच असते आणि ते विरघळतेही छान, पण ते कुत्र्यांसाठी विषारी आहे. ज्या घरात कुत्रा आहे तिथे मी ते डब्यातसुद्धा ठेवणार नाही.

गोडव्याच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचण्याचीही सवय लावावी. स्टीव्हिया म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांत भर म्हणून डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असते, आणि ही दोन्ही रक्तातील साखर वेगाने वाढवणारी कर्बोदके आहेत. माल्टिटॉल हा गोडवाही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. साखरेपेक्षा कमी असला तरी त्याचा परिणाम होतो. मधुमेहासाठी हा चीजकेक करणाऱ्यांनी याकडे डोळेझाक करू नये.

पाणी सुटणे आणि मऊ पडलेला तळ

कापलेल्या बाजूने पाणी पाझरत असेल तर बहुतेक वेळा ते जास्त भाजण्याचेच लक्षण असते, आणि वर सांगितलेला तापमानाचा नियम पाळला की तक्रार आपोआप कमी होते. त्याशिवायचे कारण म्हणजे कमी चरबीचे किंवा डब्यात मिळणारे, पावाला लावायचे मऊ क्रीम चीज. त्यात पाणी जास्त असते. चीजकेकला वडीच्या स्वरूपात मिळणारे, सुमारे 33 टक्के चरबीचे क्रीम चीज लागते. पाणी पृष्ठभागावर थेंबांच्या रूपात दिसत असेल तर ते चीजकेकचे नाहीच, कोमट असताना झाकल्यामुळे झाकणावर साचून खाली पडलेली ती वाफ आहे. पूर्ण गार झाल्यावर वर स्वच्छ कोरडा कागदी रुमाल ताणून मग झाकण ठेवावे.

काढून टाकलेल्या स्टार्चची थोडी भरपाई करता येते. 600 ग्रॅम क्रीम चीजच्या मिश्रणाला पाव चहाचा चमचा झँथन गम पुरतो. त्याहून जास्त घातला तर पोत चिकट होतो. दुसरा उपाय मला अधिक आवडतो: तीन अंड्यांऐवजी दोन अंडी आणि दोन बलक घ्यावेत. पांढऱ्या भागाने चीजकेक ताठ होतो, बलकाने तो मलईदार होतो, आणि पांढरा भाग कमी केल्याने आवळणारी प्रथिनेही कमी होतात.

बदामाच्या पिठाच्या तळाची तक्रार वेगळी आहे, पण तिच्यातही साखरच लपलेली आहे. बिस्किटांच्या चुऱ्याच्या तळात साखर वितळते आणि गार होताना गोंदासारखी घट्ट होते. बदामाच्या पिठात तशी साखर नसते, ग्लूटेन नसते, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग स्वतःच चरबी असतो. त्यामुळे बिस्किटांच्या हिशेबाने लोणी घातले की तळ तेलकट होतो आणि ढेपाळतो. 150 ग्रॅम पिठाला 45 ग्रॅम लोणी पुष्कळ झाले. वरती ज्या एरिथ्रिटॉलला एवढी नावे ठेवली त्याची खरी जागा इथे आहे, कारण गार होताना त्याचे पुन्हा स्फटिक होणे इथे तळाला कुरकुरीत करते, तर अॅल्युलोज तो मऊ ठेवते. तळ 165 अंशांवर साधारण 12 मिनिटे, कड फिकट सोनेरी होईपर्यंत, आधी भाजावा. बदामाचे पीठ मिनिटभरात करपते, तेव्हा ओव्हनसमोरून हलू नये. मग त्यावर फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचा पातळ हात फिरवून आणखी दोन-तीन मिनिटे भाजावे, आणि पूर्ण गार झाल्यावरच मिश्रण ओतावे. गरम तळावर ओतलेले मिश्रण खालून लगेच शिजू लागते आणि तळ ओलसर राहतो.

सध्या 20 सेंटिमीटरच्या साच्यासाठी माझे प्रमाण असे आहे: 600 ग्रॅम क्रीम चीज, 150 ग्रॅम सावर क्रीम, दोन अंडी आणि दोन बलक, 140 ग्रॅम अॅल्युलोज, पाव चमचा झँथन गम, एक मोठा चमचा लिंबाचा रस, व्हॅनिला आणि मीठ. 110 अंशांवर दीड तासाच्या आसपास मध्य 65 अंशांना पोहोचतो, पण मी सव्वा तासापासूनच साचा हलवून पाहू लागते.

एवढे करूनही एखाद्या वेळी भेग पडलीच, तर ती बुजवण्यासाठी चीजकेक पुन्हा ओव्हनमध्ये घालू नये. पूर्ण थंड झाल्यावर गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने भेगेच्या कडा हलकेच जवळ आणाव्यात, थोड्या गोडव्यात घोटलेला सावर क्रीमचा पातळ थर वरून पसरावा आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेवावा. थर्मामीटरचे भोकही त्याखाली झाकले जाते.